कुंपण वाऱ्याला वाट देणारं हवं

एप्रिलच्या मध्यापासून मृग लागेपर्यंत आपल्या खानदेशात वाऱ्याचे दिवस असतात. दुपारी ४४-४५ अंशांची काहिली, चार वाजता आभाळ भरून येते, धुळीचा लोट उठतो आणि अर्ध्या तासात वावधन होत्याचे नव्हते करून जाते. रावेर, यावल, चोपड्याकडची केळी आडवी होते. पेपरात फोटो येतात, पंचनामे होतात, आणि ते व्हायलाच पाहिजेत. पण त्याच वाऱ्याने गावात, वस्तीत, मळ्यातल्या घराभोवती आणखी एक नुकसान होते आणि त्याबद्दल कोणी चार ओळी लिहीत नाही. ते म्हणजे घराचे पडलेले कुंपण.

पंचनाम्याच्या निमित्ताने आम्हा कृषी खात्याच्या लोकांचे गावोगाव फिरणे होते. वादळानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी कुठल्याही नव्या वस्तीत जा, चित्र तेच. पत्र्याचे कुंपण जमिनीवर लोळण घेतलेले, लोखंडी अँगल बुडातून वाकलेले, दोन पत्रे शेजारच्या खळ्यात, एक विजेच्या तारेखाली. घरधनी हातोडी घेऊन वाकलेला अँगल सरळ करतो, तेच पत्रे, त्याच भोकात तेच खिळे मारून परत उभे करतो. पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

शेतकरी बंधूंनो, माझे म्हणणे सरळ आहे. कुंपण पडले आणि ते बदलायची वेळ आलीच, तर जसे होते तसे उभे करू नका. आपल्याकडचे ऊन, आपल्याकडचा वारा आणि आपली काळी जमीन या तिन्हींचा विचार करून कुंपण बदला. भिंतीसारखा बंद पत्रा या तिन्ही गोष्टींशी भांडतो, आणि भांडणात हरतो.

पत्रा आला तरी कसा?

पत्रा लावणाऱ्याला मी नावे ठेवत नाही. पूर्वी घराभोवती बाभळीच्या काट्या, तुरीच्या तुराट्या, पऱ्हाट्या, नाहीतर टोकरांच्या ताट्या असत. दर वर्षी दिवाळीनंतर काट्या बदलायच्या हे कामच ठरलेले. आता काट्या तोडायला आणि बांधायला माणूस मिळत नाही. पऱ्हाटीचे म्हणाल तर गुलाबी बोंडअळीमुळे ती घराजवळ साठवू नका असे आम्हीच सांगतो, आणि ते बरोबर आहे. शिवाय सुकलेल्या काट्यांना ठिणगी लागली तर घर धोक्यात. मग माणूस पत्र्याकडे वळला. एका दिवसात उभा राहतो, आडोसा होतो, बायाबापड्यांना आंघोळीची, कपडे धुण्याची सोय होते, कुत्री-डुकरं आत येत नाहीत. या गरजा खऱ्या आहेत. पत्रा नको म्हणणाऱ्याने या गरजांना दुसरे उत्तर दिले पाहिजे, नाहीतर नुसता उपदेश होतो.

वाऱ्याचा हिशेब

वाऱ्याचा जोर वेगाच्या प्रमाणात वाढत नाही, त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. आता दहा फूट लांब आणि सहा फूट उंच अशी पत्र्याची एक चौकट धरा. ताशी ६० किलोमीटरचा वारा समोरून आला तर त्या चौकटीवर साधारण ९५ किलोचा रेटा पडतो. म्हणजे केळीच्या खताची जवळपास दोन पोती आडवी टेकवल्यासारखे. वारा ताशी १२० किलोमीटर झाला तर हाच रेटा ३८० किलोच्या आसपास जातो. हा कमीत कमी हिशेब आहे. पत्र्याच्या मागच्या बाजूला जी ओढ तयार होते ती धरली तर आकडा आणखी वाढतो.

ताशी १२० हा आकडा आपल्याला लांबचा वाटतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. नारळी-सुपारीच्या वाड्या झोपल्या, घरांचे पत्रे उडाले. आपल्याला वाटते वादळ म्हणजे कोकणाचे. पण आपल्याकडच्या गडगडाटी वादळात ढगातून खाली कोसळणारी थंड हवा जमिनीवर आपटून चौफेर पसरते. ती थोडाच वेळ टिकते, पण तिचा झटका कुंपणाला पुरेसा असतो. रोपाला चार दिवसांची झुळूक चालते, एक झटका चालत नाही. कुंपणाचेही तसेच आहे.

उंचीचा हिशेबही लक्षात घ्या. कुंपणाची उंची निम्मी केली तर रेटा निम्मा होतो, आणि तो रेटा जमिनीपासून निम्म्या उंचीवर लागतो. म्हणून खांबाच्या बुडावर येणारा पिळा चौथ्या हिश्श्यावर येतो. सहा फुटी पत्र्याऐवजी तीन फुटी पत्रा आणि त्याच्यावर तारेची जाळी केली, तर तोच खांब चार वर्षे टिकतो की एकाच वादळात वाकतो हे ठरून जाते.

केळीला जे कळते ते घराला का नाही?

मला नवल याचे वाटते की हे सगळे आपल्या शेतकऱ्याला आधीच माहीत आहे. केळीच्या मृगबागेला, कांदेबागेला वाऱ्याच्या बाजूने शेवरी लावा, गजराज गवताची दाट ओळ लावा, हे आपण वर्षानुवर्षे करत आलो. कोणी केळीच्या बागेभोवती पत्र्याची भिंत उभी करतो का? नाही. कारण शेवरी वाकते, वाऱ्याला चाळणीसारखी गाळून सोडते आणि आतला वारा नरम होतो. वारा अडवणाऱ्या पट्ट्याचा शास्त्रीय नियमही हाच आहे. पट्टा अर्धा मोकळा, म्हणजे ४० ते ५० टक्के वारा आरपार जाऊ देणारा असेल, तर तो सगळ्यांत चांगले काम करतो. त्याच्या उंचीच्या दहा पट अंतरापर्यंत आडोसा मिळतो. सहा फुटी दाट झुडपांची ओळ पन्नास-साठ फुटांपर्यंत वारा सौम्य करते. उलट बंद भिंतीवर वारा आदळून वर चढतो आणि पलीकडे गिरक्या घेत खाली येतो. घराच्या छपराचे पत्रे, गोठ्याचे कौल या गिरक्यांनी उचलले जातात.

केळीच्या हवामान आधारित फळपीक विम्यात वेगाचा वारा हा धोका म्हणून धरलेला आहे. घराच्या कुंपणाला मात्र असे काही पाठबळ नाही. नैसर्गिक आपत्तीच्या मदतीत घर, झोपडी, घराला लागून असलेला गोठा यांचा विचार होतो. पडलेल्या कुंपणासाठी वेगळी मदत नाही. म्हणजे कुंपणाचा सगळा खर्च आपल्या खिशातला. तो दोन-तीन वर्षांनी पुन्हा पुन्हा करायचा, की एकदाच विचार करून करायचा?

खर्चाचे जाऊ द्या. सुटलेला पत्रा हे हत्यार आहे. माझ्या सज्जातल्या एका गावात एकाच्या कुंपणाचा पत्रा उडून चुलतभावाच्या खळ्यात गेला आणि बांधलेल्या कालवडीचा मागचा पाय कापला गेला. कालवड वाचली नाही. पत्रा कोणाचा, दोष कोणाचा, यावरून दोन्ही घरांचे जाणे-येणे बंद झाले. त्या जागी कालवडीऐवजी अंगणात झोपलेले लेकरू असते तर? उन्हाळ्यात आपण सगळेच बाहेर बाजा टाकून झोपतो, हे विसरून चालणार नाही.

उन्हाचा मार

पत्र्याने आडोसा होतो, पण अंगणाची भट्टीही होते. मे महिन्यात दुपारी पत्र्याला हात लावून पाहा, लावलेला राहत नाही. चारी बाजूंनी पत्रा असला की अंगणातली हवा हलत नाही, संध्याकाळी सात वाजेपर्यंत तो उष्णता सोडत बसतो. याचा पहिला फटका जनावरांना. संकरित गाय उन्हाला नाजूक, ती धापा टाकते, वैरण कमी खाते, दूध घटते. आम्ही सांगतो गोठा हवेशीर ठेवा, आणि गोठ्याच्या दहा फुटांवर पत्र्याची भिंत. मग हवा येणार कुठून?

ऊन तारेलाही सोडत नाही. लोखंडी तार उन्हात वाढते, थंडीत आखडते. पहाटेचा गारठा आणि दुपारचे ऊन यात तारेच्या तापमानात ४० अंशांचा फरक धरला, तर १०० फूट तारेत दीड सेंटीमीटरच्या आसपास फरक पडतो. भर मे महिन्यात तार सतारीसारखी ताणून बांधली तर थंडीत ती कोपऱ्याचा खांब आत ओढते. जानेवारीच्या पहाटे ताणली तर उन्हाळ्यात झोळ पडतो. म्हणून तार सकाळी नऊ-दहाच्या सुमारास, मध्यम उन्हात ताणावी आणि कोपऱ्यावर पिळाचा ताणक ठेवावा, म्हणजे वर्षातून एकदा कमी-जास्त करता येते. हिरव्या जाळीचे कापडही लोक लावतात. ते उन्हाने कुजते, दोन-तीन उन्हाळ्यांत चिंध्या होतात. तात्पुरते ठीक आहे, कायमचे नाही.

काळी आणि पांढरी

जुनी माणसे शेताला काळी म्हणत आणि गावठाणाला पांढरी. आपले जुने गाव पांढऱ्या मातीवर वसलेले आहे. तिथे पुरलेला खांब वर्षानुवर्षे हलत नसे. आता गाव वाढले. नवे प्लॉट पडले ते काळ्या जमिनीवर, मळ्यातली घरे तर काळ्यातच. बापाने पांढरीत दीड फूट खड्डा करून लावलेला खांब टिकला, म्हणून मुलगा काळ्यातही दीडच फूट खणतो. तिथेच घोटाळा होतो.

काळी माती पाणी प्याली की फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात. खांबाभोवतीची माती त्याला सोडून बाजूला सरते आणि नेमके त्याच वेळी एप्रिल-मेचे वारे सुटतात. म्हणजे वर्षातला सगळ्यांत जोराचा वारा आणि वर्षातली सगळ्यांत सैल जमीन एकाच वेळी येतात. पुढे पावसाळ्यात माती फुगून तिरका झालेला खांब तसाच धरून ठेवते. मग आपण म्हणतो, लोखंडच हलके आले. लोखंडाचा काय दोष?

काळ्यात खांब लावायचा तर खड्डा मुरूम लागेपर्यंत न्यावा. तापीकाठी जिथे मुरूम खोल आहे तिथे निदान अडीच ते तीन फूट खणावे. खड्डा वर रुंद आणि खाली निमुळता करू नये, उलट खाली थोडा रुंद करावा. वर रुंद केलेल्या काँक्रीटच्या टोपीला फुगणारी माती खालून उचलते. खड्ड्यात काढलेली काळी माती परत भरू नका. मुरूम-खडी घाला, थर देऊन ठोका, नाहीतर काँक्रीट भरा. काँक्रीटचा माथा जमिनीच्या वर दोन बोटे ठेवून चारी बाजूंना उतार द्या, म्हणजे बुडाशी पाणी थांबणार नाही. लोखंडी अँगल गंजतो तो बरोबर जमिनीच्या रेषेवर. तिथे वर-खाली वीतभर डांबर लावावे. लाकडी खांब असेल तर वाळवीसाठीही तेच.

सिमेंटचे खांब गावातच ओतून घेतात, चांगले आहे. पण ऐन उन्हाळ्यात ओतलेल्या खांबाला पाणी मारायला कोणी थांबत नाही. दोन दिवसांत साचा काढला, चौथ्या दिवशी गाडला, सहाव्या दिवशी तार ताणली. काँक्रीटला पूर्ण ताकद यायला २८ दिवस लागतात. निदान पहिले दहा-बारा दिवस खांब गोणपाटात गुंडाळून ओला ठेवला पाहिजे. तसे न केल्यास तो वरून पांढरा-शुभ्र दिसतो आणि आतून ठिसूळ राहतो.

मग करायचे काय?

माझ्या मते आपल्या भागात घराला तीन थरांचे कुंपण बसते. एक, मजबूत खांब. दोन, त्यावर तारेची जाळी. तीन, जाळीला लागून आतल्या बाजूने जिवंत कुंपण. खांब साडेसात-आठ फुटांचा घ्यावा, त्यातला अडीच ते तीन फूट जमिनीत. दोन खांबांत आठ फुटांपेक्षा जास्त अंतर नको. कोपऱ्याच्या आणि फाटकाच्या खांबांना दोन्ही बाजूंनी तिरके टेकू द्यावेत. सगळा ताण याच खांबांवर येतो, आणि कुंपण पडायला सुरुवातही इथूनच होते.

आडोसा लागतो तो सगळ्या आवाराला लागत नाही. न्हाणी, मोरी, शौचालय एवढ्या जागेपुरता लागतो. तिथे टोकरांच्या पट्ट्यांची ताटी दोन-दोन बोटांची फट ठेवून लावा. बाहेरून दिसत नाही आणि वारा जातो. जुने पत्रे फेकून द्यायचे कारण नाही. ते आडवे कापून खालच्या तीन फुटांत वापरा, दोन पत्र्यांत चार बोटे जागा सोडा. पत्रा खिळ्याने ठोकू नका. वाऱ्यात पत्रा फडफडला की खिळ्याचे भोक मोठे होत जाते. आकडीचा बोल्ट आणि खाली रुंद वायसर लावा. जाळीच्या खालून सांडपाण्याला आणि पावसाच्या पाण्याला वाट ठेवा, नाहीतर पहिल्या पावसात कुंपणाचा बांध होतो.

जिवंत कुंपणाला झाडे कोणती? गुरे तोंड लावत नाहीत अशी निर्गुंडी आणि अडुळसा आपल्याकडे चांगली येतात. मेंदी उन्हाला दाद देत नाही आणि छाटली की दाट होते. काटेरी हवे असेल तर करवंद, चिल्हार, सागरगोटा. करवंद हळू वाढते पण पिढीभर टिकते. गिरिपुष्पाची तीन-चार फुटांची, मनगटाएवढी खुंटे मृगाच्या तोंडावर लावली की रुजतात, आणि त्याचा पाला खत म्हणून वावरात जातो. रोपे दोन ओळींत, एकाआड एक, फूट-दीड फुटावर लावा. पहिल्या दोन पावसाळ्यांत गुडघ्याएवढी झाली की शेंडा मारा, म्हणजे बुडापासून फुटवे येतात. नाहीतर वर झाड आणि खाली भगदाड, असे होते. पाण्याचे म्हणाल तर केळीतून निघालेली जुनी ठिबकची नळी प्रत्येकाच्या खळ्यात पडलेली आहे. ती अंथरा, पहिले दोन उन्हाळे एवढे पाणी पुरते.

काही झाडे जपून लावा. शेराचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते. मोगली एरंडाच्या बिया गोड लागतात म्हणून मुले खातात आणि उलट्या-जुलाबांनी दवाखान्यात जातात. लहान मुले असलेल्या घराजवळ, शाळेजवळ ही दोन्ही नकोत. वेडी बाभूळ आणि घाणेरी कुंपणाला कधीच लावू नयेत, ती कुंपणात राहत नाहीत, वावरात येतात. शेवगा, पपई चटकन मोडतात, ती तारेवर पडतील अशी लावू नका.

लोक विचारतात, “साहेब, हिरव्या कुंपणात साप-विंचू येतात त्याचं काय?” प्रश्न बरोबर आहे. साप येतो तो उंदराच्या मागे. उंदीर असतो तो अडगळीत, लाकडांच्या ढिगात आणि पत्र्यांच्या चवडीखाली. झाडांची बुडे वीतभर उघडी ठेवा, पालापाचोळा झाडून काढा, कुंपणाला टेकून सरपण रचू नका. दुसरा प्रश्न, “दोन वर्षं थांबायचं कोणी?” म्हणूनच जाळी आधी आहे. झाडे दाट होईपर्यंत जाळी राखण करते, पुढे झाडेच जाळीला धरून ठेवतात.

तार आणि करंट

आता जिवाशी गाठ असलेली गोष्ट. लोखंडी कुंपण कोणतेही असो, त्यात वीज उतरू शकते. उन्हाळ्यात कुलर कुंपणाला टेकवून ठेवलेला असतो, त्याची वायर कुरतडलेली असते. घरात येणारी सर्व्हिस वायर कुंपणाच्या खांबाला गुंडाळलेली असते. कपडे वाळवायची तार एका टोकाला पत्र्याला आणि दुसऱ्या टोकाला विजेच्या खांबाच्या ताणाला बांधलेली असते. पहिल्या पावसात हे सगळे एकमेकांशी जोडले जाते. वादळानंतर कुंपण उचलायला जाण्याआधी वर बघा. तार तुटलेली असेल तर महावितरणचा वायरमन येऊन लाईन बंद केल्याचे सांगेपर्यंत कुंपणाला, ओल्या काठीलासुद्धा हात लावू नका आणि लेकरांना लांब ठेवा. विजेच्या तारांखालून नवे कुंपण नेऊ नका.

डुकरांसाठी किंवा चोरांसाठी कुंपणात थेट लाईनचा करंट सोडणे हा गुन्हा आहे. माणूस मेला तर सोडणारा तुरुंगात जातो, आणि मरणारा बहुतेक वेळा आपल्याच गावचा, कित्येकदा आपल्याच घरचा असतो. सौर कुंपणाच्या यंत्रातून क्षणभराचे झटके येतात, ती गोष्ट वेगळी. दोन्हींची गल्लत कोणी करू नये.

सरपंच, ग्रामसेवक यांना विनंती

ज्यांना आपण अजून ग्रामसेवकच म्हणतो आणि शासनाने २०२४ साली ज्यांना ग्रामपंचायत अधिकारी असे नाव दिले, त्यांना आणि सरपंचांना माझ्या तीन विनंत्या आहेत.

पहिली, हद्दीची. जुने कुंपण पडले की नवे करताना वीतभर पुढे सरकते. कधी रस्त्यात, कधी शेजाऱ्यात. दर बदलीला वीत, म्हणजे चार वादळांत तीन फूट. मग पाहुण्यांची गाडी जाते, पण रुग्णवाहिका आणि ट्रॅक्टर-ट्रॉली अडते. सार्वजनिक रस्त्यावरचे अतिक्रमण काढण्याचा अधिकार महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ च्या कलम ५३ ने ग्रामपंचायतीला दिलेला आहे. पण कुंपण उभे झाल्यावर तो वापरला की गावात दोन तट पडतात. त्याआधीच, खड्डे खणायच्या दिवशी, शिपायाने आणि एका सदस्याने टेप घेऊन उभे राहावे. स्वामित्व योजनेत २०२० पासून गावठाणांची ड्रोनने मोजणी सुरू झाली. ज्या गावांत मिळकत पत्रिका आल्या आहेत तिथे त्या काढून बघाव्यात. शेजाऱ्याशी वाद असेल तर भूमी अभिलेखची मोजणी आधी आणि खांब नंतर. दोघांच्या मधले कुंपण दोघांनी मिळून केले तर खर्च निम्मा येतो आणि हद्दीचा वादही कायमचा मिटतो.

दुसरी, शाळा आणि अंगणवाडीची. गावात कुठे बंद पत्र्याचे कुंपण सगळ्यांत आधी बदलायचे असेल तर ते लेकरांच्या आवाराचे. तिथे जाळी आणि मेंदी लावा. मुलांकडून रोपांना पाणी घालून घ्या. गावाला नमुना दिसला की घरोघर पोहोचायला वेळ लागत नाही. केळीला ठिबक आपण असेच एकमेकांचे पाहून केले.

तिसरी, रोपांची. सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेकडे दर वर्षी झाडांची मागणी जाते ती वड, पिंपळ, कडुनिंबाची. ती जावीच. पण त्याच यादीत कुंपणाच्या झाडांचीही मागणी टाका, आणि ती जूनमध्ये नव्हे, हिवाळ्यातच कळवा. रोप तयार व्हायला वेळ लागतो. गिरिपुष्पाची खुंटे तर पैसे न देता गावातल्या गावात मिळतात, फक्त कोणाच्या बांधावर आहेत हे ग्रामसभेत विचारले पाहिजे.

कामाचे वेळापत्रक

ज्यांचे कुंपण या वर्षी पडले त्यांनी आधी सुटे पत्रे गोळा करून दगडाखाली नाहीतर दोरीने बांधून ठेवावेत, कारण एका वादळामागे दुसरे येते. मृगात जाळी नसली तरी चालेल, पण आतल्या ओळीची झाडे लावून टाका, बाहेरून दोन वर्षांपुरत्या काट्या लावा. पाऊस हे काम फुकट करतो, तो मोसम हातचा घालवू नका. खांब पावसाळ्यानंतर, दिवाळी ते होळीच्या दरम्यान रोवा. तेव्हा काळ्या जमिनीत ओल असते, खणायला सोपे जाते, काँक्रीटला ऊन मारत नाही आणि खांबाला वारे सुटण्याआधी बसायला वेळ मिळतो. होळीनंतर एक दिवस काढून प्रत्येक खांब हाताने हलवून पाहा. जो हलतो त्याच्या भेगेत मुरूम ठोका.

वादळ आपल्याला थांबवता येत नाही, ऊन कमी करता येत नाही, काळी जमीन बदलता येत नाही. कुंपण मात्र बदलता येते. केळीच्या बागेला जेवढे डोके लावतो त्याच्या निम्मे घराच्या कुंपणाला लावले, तरी पुढच्या मे महिन्यात पत्रे गोळा करत शेजाऱ्याच्या दारात उभे राहायची पाळी येणार नाही.

(लेखक कृषी विभागात गाव पातळीवर काम करतात.)